रोज सहाला उगवणारा सूर्य

अज्जानचा फोन आला तेव्हा मी मस्कतला ऑफिसात होते. त्याने आधी माझी चौकशी केली, मग माझ्या नवऱ्याची, मग सासूबाईंच्या गुडघ्यांची, मग मस्कतच्या उकाड्याची. आमच्या गावाकडून वाईट बातमी अशीच येते, चपला काढून, पाय धुऊन. मी म्हटलं, "अज्जान, कोण गेलं ते सांग."

"कोणी गेलं नाही गं. मुहन्नाकाकांना काढतायत."

मुहन्ना म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं ते आमच्या फलजचे, म्हणजे गावच्या पाटाचे, अरीफ आहेत. डोंगराच्या पोटातून येणारं ते पाणी कोणाच्या बागेत कधी वळवायचं आणि किती वेळ ठेवायचं, हे अरीफ बघतो. त्याबद्दल त्याला पगार मिळत नाही, पाण्याचाच एक वाटा मिळतो. अज्जान माझा चुलतभाऊ. तो गावच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि गावात कोणाचंही यंत्र बिघडलं की तोच निस्तरतो.

"कशावरून काढतायत?"

"पाणी चोरलं म्हणतात. गुरुवारी दुपारी असरच्या नमाजानंतर गावची मजलिस बसणार आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या वडिलांनी स्वतःच्या सख्ख्या भावाला एक मिनिट जास्त दिलेलं नाही. लहानपणी मी पाटात पाय घालून बसले तर म्हणायचे, ऊठ, हे पाणी या घटकेला आपलं नाही. असल्या माणसाला चोर म्हणतात. बुधवारी दुपारी मी गाडी काढली आणि दोन तास सगळ्या गावाला शिव्या देत घरी पोचले.

बाबा ओसरीत बसले होते. खाली सतरंजी, पुढ्यात खजूर. मला बघून उठले, थर्मासमधली कॉफी ओतली, रस्त्यात ट्रक फार होते का विचारलं.

"बाबा, काय झालंय?"

"काही नाही. जेवून आलीस का?"

"तुम्हाला चोर म्हणतायत."

"नबहान म्हणतो. त्याची लिंबं वाळतायत. माणूस चिडतो." एवढं बोलून त्यांनी खजुराची बशी माझ्याकडे सरकवली. पुढे कितीही खोदून विचारलं तरी मूग गिळून बसले. मला त्यांचाही राग यायला लागला होता, पण तेव्हा तो नबहानच्या रागाखाली दबलेला होता.

आईकडून जे कळलं ते असं. नबहानच्या वाट्याला दिवसाचं आठ अथर पाणी आहे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळाचे आम्ही चोवीस भाग करतो, त्यातला एक भाग म्हणजे अथर. रात्रीचेही तसेच चोवीस. उन्हाळ्यात दिवस लांबतो तसा दिवसाचा अथर लांबतो आणि रात्रीचा आखडतो, थंडीत उलट. आजोबांच्या वेळेपासून हे मशिदीमागच्या खांबाच्या सावलीवर चालायचं. खांब अजून आहे, पण आता त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण पाच वर्षांपूर्वी मी एक प्रोग्राम लिहिला. रूबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. तो रोज सूर्याची वेळ काढतो, चोवीसने भागतो आणि चाळीस घरांच्या फोनवर पाठवतो की तुमचं पाणी अमुक वाजता सुरू, अमुक वाजता बंद. बागेतले बंगाली गडीसुद्धा फोन बघूनच पाट उघडतात. तो पहिल्यांदा चालला त्या दिवशी बाबांनी मजलिसमध्ये सगळ्यांना हलवा वाटला होता आणि प्रत्येकाला सांगत होते की हे माझ्या रय्याने केलं.

नबहानचं म्हणणं होतं की दर पाळीला त्याचं अर्धा तास पाणी कमी येतं. आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं की माझे वडील पाळी नसताना घालियामावशीच्या बागेचं दार उघडून पाणी सोडतायत. दोन अधिक दोन त्याने करून टाकले.

मी फलजच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे मशिदीच्या भिंतीला लागून एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर. जूनचं वेळापत्रक उघडलं. पहिला अथर, सकाळी सहा. दुसऱ्या दिवशी पहिला अथर, सकाळी सहा. तिसऱ्या दिवशी सहा. मागे गेले. मे सहा, एप्रिल सहा, चौदा मार्चपर्यंत सहा आणि सहा आणि सहा. तेरा मार्चला मात्र सहा वाजून चौदा मिनिटं.

बाहेर जूनचं ऊन होतं. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य पाच वीसच्या सुमाराला वर येतो आणि संध्याकाळी सात वाजत आले तरी जात नाही. या कॉम्प्युटरमधला सूर्य मात्र रोज ठोक सहाला उगवत होता आणि ठोक सहाला मावळत होता, सरकारी नोकरासारखा. खऱ्या अथरची मिनिटं चौतीस व्हायला हवी होती, हा देत होता तीस. नबहानचे आठ अथर, म्हणजे बत्तीस मिनिटं. माणूस खोटं बोलत नव्हता.

मी अज्जानला बोलावून घेतलं. तो आला तोच हसत.

"चौदा मार्चला तू काय केलंस?"

"काय केलं? जुना कॉम्प्युटर मेला धुळीने. नवा आणला, तुझा प्रोग्राम त्यावर टाकला."

"आणि सूर्याची लायब्ररी? ती कोण बसवणार होतं, तुझा सासरा?"

"कुठली लायब्ररी?"

"अज्जान, प्रोग्राम स्वतः सूर्य मोजत नाही. त्यासाठी दुसऱ्याने आयतं लिहून ठेवलेलं कोड, म्हणजे ती लायब्ररी, लागते. ती वेगळी बसवावी लागते. तू मुलांना हेच शिकवतोस ना? काय शिकवतोस, माउस कसा पुसायचा?"

तो हसायचा थांबला. "रय्या, ऐक. मी चालवला. चालला. वेळापत्रक आलं. एक अक्षर तक्रारीचं नाही. काही कमी आहे असं तो मला म्हणालाच नाही, तर मला कळणार कसं? मला स्वप्न पडणार होतं?"

"म्हणाला नाही कसं? लायब्ररी नसली तर रूबी जागेवर थांबतं. लाल अक्षरात ओरडतं."

"मग बघ तूच. तुझ्याच हातचं आहे."

मी फाइल उघडली. वरच्याच चार ओळी होत्या. सूर्याची लायब्ररी मागव. नाही मिळाली, तर ती चूक पकड आणि गप्प राहा. उगवती सहाला धर, मावळती सहाला धर, पुढे चालू लाग. शेजारी माझीच टीप होती, 'नसली तरी अडू नये.'

मी लिहिलं होतं. मी, पाच वर्षांपूर्वी, मस्कतला प्रोग्रामिंगच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. मास्तर सांगायचे की प्रोग्रामने लोकांसमोर तोंडावर आपटू नये, एखादी ऐच्छिक गोष्ट नसली तर सभ्यपणे निभावून न्यावं. बरोबरच सांगायचे. मी तशाच आणखी चार ओळी अक्षरं रंगीत करणाऱ्या लायब्ररीसाठी लिहिल्या होत्या, आणि त्या ठीक होत्या. रंग नसले तर वेळापत्रक काळं-पांढरं निघेल, कोणाचं झाड मरत नाही. पण मी सूर्याला रंगांच्या पंगतीत बसवलं होतं. सूर्य ऐच्छिक. माझ्या कोडमध्ये सूर्य ऐच्छिक होता. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण समोर अज्जान होता म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

"तरी तुला दिसलं नाही? तीन महिने रोज सहा?"

"माझी बाग नाही गं," तो म्हणाला. "मी वेळापत्रक वाचत नाही. पाठवतो."

मी कॉम्प्युटर बंद केला.

तिथून मी घालियामावशीकडे गेले. एक कोडं अजून सुटत नव्हतं. पाणी कमी का येत होतं ते कळलं, पण बाबा पाळी नसताना तिच्या बागेचं दार का उघडत होते? मावशी विधवा आहे. अकरा खजुरीची झाडं, थोडा चारा, दोन शेळ्या, दिवसाचे तीन अथर, एवढाच तिचा संसार. तिने मला बसवलं, कॉफी दिली. कॉफीत वेलची नव्हती. तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे घरात काय नाही ते पाहुण्याला कळू द्यायची पद्धत नाही. मरण आलं तरी नाही. ती कॉफी पिताना मला पहिल्यांदा लख्ख कळलं की त्या चार ओळी मला कोणत्याही मास्तरांनी शिकवलेल्या नव्हत्या. त्या मी घरून घेऊन गेले होते.

"मावशी, बाबा तुला पाणी कुठून देत होते?"

ती दाराकडे बघायला लागली. "त्यांनी सांगू नको म्हटलंय."

"उद्या त्यांना काढतायत. चोर म्हणून. मग ठेव जपून तुझं गुपित."

तिचे डोळे भरले. "अगं, त्यांचं स्वतःचं पाणी ते. अरीफचा वाटा. दर पाळीला बारा मिनिटं माझ्याकडे सोडतात, वरच्या दोन घरांनाही सोडतात, जिथे झाडं थोडी आहेत तिथे. मी म्हटलं, मुहन्नाभाऊ, का देता? तर म्हणाले, तुझंच आहे, माझ्याकडे चुकून येतंय."

"बारा मिनिटं? बरोब्बर बारा?"

"सुरुवातीला एक-दोनच होती. मग वाढवत गेले."

तीन अथर, चार चार मिनिटं, बारा. मी हातातला पेला खाली ठेवला. बाबांना माहीत होतं. नुसता संशय नव्हता, त्यांना मिनिटापर्यंत माहीत होतं. मशिदीमागच्या खांबाची सावली बघणारा गावात एक माणूस उरला होता, आणि त्याने तीन महिने ती सावली आणि माझं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघितलं होतं. जेवढं भरून काढता येईल तेवढं स्वतःच्या वाट्यातून भरलं. नबहानचं भरून काढता येईना, तेवढं पाणीच नव्हतं त्यांच्याकडे. आणि घरी आमच्या स्वतःच्या खजुरींखाली हिरव्या खारकांचा सडा पडला होता. मी येताना तो बघितला होता आणि मला वाटलं होतं की कीड लागली.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात बसून त्या ओळी बदलल्या. रंगाच्या तशाच ठेवल्या. सूर्याच्या काढून नवीन लिहिल्या. आता लायब्ररी नसेल तर प्रोग्राम वेळापत्रक काढणारच नाही, आणि पडद्यावर साध्या अरबीत लिहून येईल, 'सूर्याची वेळ काढणारी लायब्ररी सापडली नाही. तिच्याशिवाय पाण्याची पाळी सांगता येत नाही. बसवण्यासाठी खालची ओळ चालवा.' खाली लायब्ररीचं नाव आणि ती ओळ. मुद्दाम तसाच चालवून बघितला. थांबला. मग लायब्ररी बसवली. पहिला अथर, पाच वाजून एकवीस मिनिटं.

अज्जान मागे उभा होता. "म्हणजे उद्या पुन्हा काही हरवलं तर हा बंदच पडणार?"

"हो."

"चाळीस घरं सकाळी मला फोन करतील."

"करू देत. चाळीस घरांनी फोन करावा म्हणूनच लिहिलंय."

असरनंतर मजलिस बसली. बाया तिथे सहसा जात नाहीत. मी दारात उभी राहिले आणि प्रमुख जाहिरकाकांना म्हटलं की बाबांवरच्या आरोपाबद्दल मला बोलायचंय. बाबांनी मान वर केली आणि डोळ्यांनीच मला नको म्हणाले. मी आत गेले.

मी सगळं सांगितलं. कॉम्प्युटर कधी बदलला, लायब्ररी कशी राहिली, ती राहिली हे प्रोग्रामने का लपवलं, आणि तसं लपवायला त्याला कोणी शिकवलं. अज्जानचं नाव मी घेतलं नाही. घ्यावंसं वाटत होतं, पण तो दोषी नव्हता. मग घालियामावशीच्या पाण्याचं सांगितलं.

मजलिसमध्ये हायसं वाटल्यासारखी कुजबुज झाली. जाहिरकाका म्हणाले, "अगं पोरी, एवढं काय मनाला लावून घेतेस? यंत्र आहे, होतं असं. कॉफी घ्या रे सगळ्यांना." कोणीतरी पेले मांडायला लागलं. पुन्हा तेच. सगळ्यांनी मिळून पांघरूण घालायला घेतलं, आणि ते किती ऊबदार होतं ते मला दिसत होतं.

"काका, होतं असं नाही. मी केलं असं," मी म्हटलं. "मार्चपासून दिवसाचं पाणी असलेल्या प्रत्येक घराचं पाणी माझ्या चुकीमुळे गेलं, आणि रात्रीच्या घरांना फुकट मिळालं. ते तुम्ही परत वाटून घ्या. पण चोर माझे वडील नाहीत, हे आधी म्हणा."

नबहान कोपऱ्यात बसला होता. पेला त्याने घेतला नव्हता. तो म्हणाला, "मुहन्ना, मी तुला चोर म्हटलं, ते परत घेतो. सगळ्यांसमोर घेतो. आता एक सांग. तुला कधी कळलं?"

बाबा म्हणाले, "मार्चच्या शेवटी."

"आणि आता जून."

"हो."

"माप खोटं आहे हे अरीफला ठाऊक, आणि अरीफ गप्प. माझी वीस लिंबं गेली. माझ्या बापाने लावलेली. तू येऊन एकदा म्हणाला असतास, नबहान, फोन बघू नकोस, सावली बघ, तर मी बघितली असती." त्याचा आवाज चढला नाही. "अरीफ कशाला असतो रे मग?"

मी बोलणार होते, तोंडात शब्द होते, पण एकही खरा नव्हता. नबहानचं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे याचाच मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. चोरीच्या आरोपातून मी बाबांना सोडवलं होतं आणि त्याच हाताने या दुसऱ्या आरोपात नेऊन उभं केलं होतं. आणि हा खोटा नव्हता.

बाबा उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली. "नबहान खरं बोलतोय," ते म्हणाले. "मी चूक बघितली आणि झाकली. असा माणूस पाण्यावर नको. उद्यापासून दुसरा नेमा." त्यांनी जाहिरकाकांशी हात मिळवला, नबहानच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले. त्यांना कोणी थांबवलं नाही. मीसुद्धा नाही.

पाटाच्या कडेकडेने आम्ही घरी निघालो. ते पुढे, मी मागे. घालियामावशीच्या बागेपर्यंत मी कसंबसं तोंड बंद ठेवलं.

"का, बाबा? मला का नाही सांगितलं?"

"तू खूश होतीस."

"खूश? मी पाच वर्षांची आहे का?"

"गाव म्हणालं असतं, बघा, मुलीच्या हातात पाणी दिलं आणि काय झालं. आधीच निम्मे लोक तयार नव्हते. मी भांडून तुझं वेळापत्रक आणलं होतं." चालता चालता त्यांना धाप लागत होती. "मला वाटलं, ते सगळंच चुकलंय. मुळापासून. तू इतकी शिकलीस आणि ते उभंच राहिलं नाही. असं मी माझ्या तोंडाने तुला कसं सांगणार? म्हटलं, थंडीत दिवस आखडला की आपोआप जुळेल. तोवर निभावून नेऊ."

"चुकलं नव्हतं काही मुळापासून. एक लायब्ररी बसवायची राहिली होती. मला नुसतं सांगायचंत, रय्या, तुझा सूर्य रोज सहाला उगवतोय. मी मस्कतहून बसल्या जागी केलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं, बाबा."

ते थांबले. वळून माझ्याकडे बघायला लागले.

"दहा?"

"दहा मिनिटं."

ते पाटाच्या कडेवर बसले, धोतरासारख्या गुंडाळलेल्या इझारचं टोक पाण्यात गेलं तरी त्यांना कळलं नाही. मला अजून खूप बोलायचं होतं, लिंबांबद्दल, आमच्या खजुरींबद्दल, चाळीस वर्षांबद्दल, आणि मी बोललेही असते.

"रोज तर फोन करत होतो तुला," बाबा म्हणाले.